कोनाड्यातल्या गोळीने हत्तीरोग जात नाही



धानात उंदीर माजले म्हणजे एकट्या शेतकऱ्याचे काही चालत नाही. आपल्या बांधीत आमिष ठेवले, चार दिवस बरे गेले, की शेजारच्या धुऱ्यातले उंदीर पुन्हा हजर. म्हणून जाणते गाव दिवस ठरवते. पहिल्या दिवशी साऱ्या शिवारातली बिळे बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यांतच आमिष घालायचे. दोघा-चौघांच्या बांध्या राहून गेल्या तर सगळ्यांचा खर्च पाण्यात जातो. ही गोष्ट भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मी शिकवावी असे नाही.

आज खोडकिडा किंवा गादमाशी यांवर लिहायचे नाही. लिहायचे आहे ते माणसाच्या अंगात घर करणाऱ्या एका किडीविषयी. तिचा बंदोबस्तही उंदरांसारखाच आहे. साऱ्या गावाने एका दमात केला तर होतो, निम्म्या गावाने केला तर होत नाही. हा रोग म्हणजे हत्तीरोग, आपल्या बोलण्यातला हत्तीपाय.

रोग येतो कोठून?

भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली हा महाराष्ट्रातला हत्तीरोगाचा जुना पट्टा. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण वैनगंगेच्या खोऱ्यातला हा रोग काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबला नाही. लाखांदूर-पवनीपासून तुमसर-मोहाडीपर्यंत कोणत्याही जुन्या गावात चार म्हाताऱ्या माणसांना विचारा. एखादा सुजलेला पाय त्यांनी पाहिलेला असतोच.

रोगाचे मूळ म्हणजे सुतासारखी बारीक, लांब कृमी. पूर्ण वाढलेली कृमी माणसाच्या रसवाहिन्यांत, म्हणजे अंगातला रस परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांत राहते. तिथे ती पाच-सात वर्षे जगते आणि लाखो सूक्ष्म पिल्ले सोडते. ही पिल्ले दिवसा शरीरात खोल दडून बसतात आणि रात्र चढली की वरच्या रक्तात येतात. कारण त्यांना दुसऱ्या घरी वाहून नेणारा क्युलेक्स जातीचा डासही रात्रीच चावतो. म्हणूनच हत्तीरोगाचे रक्त तपासणारे लोक रात्री दार ठोठावतात. पुष्कळांना ते विचित्र वाटते, पण दिवसा घेतलेल्या रक्तात चोर सापडत नाही. डास आणि या कृमीचे नाते पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ साली चीनमध्ये काम करीत असताना शोधले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धानाच्या बांधीतले पाणी या रोगाला कारण आहे असे अनेकजण समजतात. बांधीतल्या पाण्यात डास होतात हे खरे, पण हत्तीरोगाच्या डासाला घाण पाणी आवडते. मोरीमागचे डबके, तुंबलेली नाली, शौचालयाच्या टाकीचा उघडा पाइप ही त्याची रोपवाटिका. म्हणजे हा डास शेतातून घरात येत नाही. तो घरामागेच पिकतो.

कृमी बहुधा लहानपणीच अंगात शिरते आणि सूज येते ती दहा-वीस वर्षांनी. मधल्या काळात माणूस धडधाकट दिसतो, नांगर धरतो, रोवणी करतो. पण त्याच्या रक्तातून डास पिल्ले उचलतो आणि शेजाऱ्याच्या लेकराला देतो. धानाची लोंबी पांढरी पडलेली दिसते तेव्हा खोडकिड्याची अळी केव्हाच आत गेलेली असते, तसेच हे आहे. सुजलेला पाय हे जुन्या संसर्गाचे चिन्ह. गावात आज रोग पसरवतो तो बहुतेक वेळा चांगल्या पायांचा माणूस.

निरोगी माणसाने गोळी का घ्यायची?

देशात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. डासांवर फवारणी करायची, रात्री रक्त तपासायचे आणि ज्याच्या रक्तात जंतू सापडेल त्यालाच औषध द्यायचे, अशी तेव्हाची रीत होती. पण एकेक माणूस हुडकून रोग आटोपेना. म्हणून २००४ पासून देशभर दुसरी रीत धरली. रोगाच्या जिल्ह्यात वर्षातून एकदा साऱ्या पात्र लोकांना औषध द्यायचे. गोळीने रक्तातली पिल्ले मरतात. मोठी कृमी मात्र सहजासहजी मरत नाही, ती पुन्हा पिल्ले सोडते. म्हणून वर्षामागून वर्ष, निदान पाच वर्षे तरी, गोळी न चुकता घ्यावी लागते. तणाचे बी जमिनीत असेपर्यंत निंदण सोडता येत नाही, तसेच.

मुख्य गोळी डीईसी, म्हणजे जुन्या लोकांच्या ओळखीची हेट्राझान. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात ती ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते शास्त्रज्ञ होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. तिच्या जोडीला अल्बेंडाझोल ही जंताची गोळी असते. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही देतात. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात ते २०१९ साली सुरू झाले. आयव्हरमेक्टिन मूळ मातीतल्या एका सूक्ष्म जिवाणूपासून निघाले, आणि त्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गोठ्यात जनावरांसाठी हेच औषध वापरतात हे तुम्हांला माहीत असेल. पण जनावराचे औषध माणसाने कधीही घेऊ नये. त्याची मात्रा निराळी असते.

सारे गाव एकही न वगळता गोळी घेईल असे कधी होत नाही आणि तशी गरजही नाही. कीडनियंत्रणात आपण आर्थिक नुकसानीची पातळी पाहतो. शेतातला शेवटचा तुडतुडा मारायचा नसतो, संख्या त्या पातळीखाली ठेवायची असते. हत्तीरोगातही तसेच आहे. रक्तात जंतू असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेले की डासाला पुरेसे जंतू मिळेनासे होतात आणि साखळी तुटू लागते. त्यासाठी एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी गोळी प्रत्यक्ष गिळली पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

'गिळली पाहिजे' या शब्दांवर माझा भर आहे. वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांत खताची पावती आणि शेतात पडलेले खत यांइतकाच फरक आहे.

पीक पाहणीच्या निमित्ताने घराघरांत जाणे होते. कोनाड्यात, देव्हाऱ्याशेजारी, कधी कागदपत्रांच्या पिशवीत या गोळ्यांचे पाकीट दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले: "साहेब, आमाले कायले पायजे? पाय त चांगले आहेत." असे दहा कोनाडे भरले की गावाचा आकडा कागदावर पूर्ण होतो, आणि डासाला कागद वाचता येत नाही.

कुलूपबंद घर आणि मोहिमेची वेळ

यात दोष लोकांचाच आहे असे मी म्हणणार नाही. मोहीम पुष्कळदा फेब्रुवारीच्या सुमारास येते. तेव्हा आपल्याकडे उन्हाळी धानाची रोवणी चालू असते. बाया पहाटे भाकरी बांधून निघतात, घराला कुलूप लागते. आशाताई अकरा वाजता येते तेव्हा घरी आजी आणि पोरे. आजीच्या हाती साऱ्या घराच्या गोळ्या देऊन ती पुढे जाते. गोळी समोर गिळून घ्यावी असा नियम आहे, पण बंद दारासमोर नियम काय करणार?

आरोग्य खात्याने दिवस ठरवायचा आणि गावाने हजर राहायचे, ही रीत येथेच अडते. गावाच्या घड्याळाप्रमाणे वेळ ठरली पाहिजे. संध्याकाळी सात ते नऊ, जेवणे झाल्यावर. रोवणीच्या टोळ्यांसाठी बांधीवरच, दुपारच्या शिदोरीनंतर. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते, तेव्हा शिदोरीनंतरची वेळ उत्तमच. कोणती वेळ सोयीची हे जिल्ह्याच्या कार्यालयात बसून कळत नाही. ते वॉर्डातल्या बायांना विचारून कळते.

भीतीला उत्तर द्या, धमकी नको

गोळी घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ होते. ज्याच्या रक्तात जंतू असतात त्यालाच हा त्रास जास्त, कारण मरणाऱ्या जंतूंमुळे अंग तसे वागते. बहुतेकांना तो एक-दोन दिवसांत थांबतो. हे आधी सांगितले तर माणूस धीर धरतो. नंतर सांगितले तर ती सारवासारव वाटते. एखाद्या मुलाला रात्री उलट्या झाल्या आणि फोन उचलायला कोणी नसले, तर पुढच्या वर्षी ती सारी गल्ली दार लावून घेते. विश्वास असा एका रात्रीत जातो.

म्हणून गोळीच्या दिवशी कोणाला फोन करायचा, रात्री कोण येणार, गाडी कोणाची, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधी लिहून घ्या. ते मागण्याचा गावाला हक्क आहे.

दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना ही औषधे द्यायची नसतात. तिसरे औषध असेल तर लहान मुलांचे नियम आणखी वेगळे असतात. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचे वय आणि दुखणे आशाताईला खरे सांगा.

काही ठिकाणी उत्साही मंडळी म्हणतात, गोळी न घेणाऱ्याचे रेशन अडवा. असे मुळीच करू नये. धाकाने घेतलेली गोळी गालात राहते आणि मोरीत थुंकली जाते. शिवाय धमकी गरिबालाच लागते, मोठ्या वाड्याला कोणी विचारत नाही. "ही गोळी घेतली की मूल होत नाही" अशा वावड्या उठतात तेव्हा ज्याने मागच्या वर्षी गोळी घेतली त्याने पुढे यावे. सरपंचाने, मास्तरांनी, कीर्तनकाराने साऱ्यांसमोर पहिली गोळी घ्यावी. त्याने जे होते ते दहा फलकांनी होत नाही.

आधीच सुजलेल्या पायाचे काय?

मोहिमेच्या गडबडीत एक माणूस मागे राहतो. ज्याचा पाय आधीच सुजला आहे तो म्हणतो, "माझे काय?" बऱ्याच वर्षांची सूज गोळीने उतरत नाही. हे खरे सांगितले पाहिजे. पण 'बरे होत नाही' म्हणजे 'काहीच करता येत नाही' असे नव्हे. धान आडवे पडले म्हणून कोणी शेत सोडून देत नाही. जेवढे वाचेल तेवढे वाचवतो.

सुजलेल्या पायाचे मोठे दुःख म्हणजे वारंवार येणारा ताप. हुडहुडी भरते, पाय लाल होतो, जांघेत गाठ येते, चार-पाच दिवस मजुरी बुडते. प्रत्येक झटक्याने सूज थोडी वाढते. हे झटके बहुतेक बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून, जखमांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतात. तेवढे दार बंद केले की झटके पुष्कळ कमी होतात. त्यासाठी औषधाच्या दुकानापेक्षा न्हाणीघर अधिक कामाचे.

रोज दोन वेळा पाय साध्या पाण्याने आणि साबणाने हलक्या हाताने धुवा. घासणी किंवा दगड लावू नका. बोटांच्या मधली जागा मऊ फडक्याने टिपून कोरडी करा. चीर दिसली तर डॉक्टरांनी दिलेला मलम लावा. बसताना पाय वर ठेवा, झोपताना खाटेचे पायथ्याकडचे पाय विटेवर चढवा. घोटा वर-खाली, गोल फिरवत राहा. चिखलातून आल्यावर आधी पाय धुवा, मग चहा. अनवाणी फिरू नका. ताप-लाली आली असेल तेव्हा मात्र व्यायाम थांबवा, थंड पाण्याची घडी ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. गरम शेक, डाग देणे, घट्ट आवळून बांधणे, यांनी नुकसानच होते.

टब, मग, साबण, रुमाल आणि मलम असा पाय-निगेचा संच आरोग्य विभाग रुग्णांना देतो. तो गावातल्या प्रत्येकाला मिळाला की नाही, हे विचारा. पुरुषांत हाच रोग अंडवृद्धीच्या रूपाने येतो आणि लाजेपायी माणूस वीस-वीस वर्षे धोतराआड दुखणे लपवतो. त्यावर शस्त्रक्रिया होते आणि ती सरकारी रुग्णालयात करून घेता येते. तेवढी एक गोष्ट चार जणांत नव्हे, एकांतात त्याच्या कानावर घाला.

रुग्णांची नावे फळ्यावर लिहू नका. घरात लग्नाच्या मुली असतात, लोक रोग दडवतात, आणि दडवलेला पाय धुतला जात नाही. यादी आशाताईच्या वहीत असावी. गावाने फक्त आकडा विचारावा: इतके रुग्ण, त्यांतले इतके संच पोहोचले, इतक्यांची शस्त्रक्रिया झाली.

नालीचे पाणी

गोळीने माणसातला जंतू कमी होतो, पण घरामागचा डास तसाच राहिला तर काम अर्धेच. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले आणि सांडपाणी उघड्या नालीत सोडणे बंद केले. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे, एवढेच ते काम. गाव डासमुक्त म्हणून नावाजले आणि जिल्ह्यात इतर गावांनी तेच काम रोजगार हमीतून उचलले. नांदेडही हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकीच एक आहे.

आपल्या जिल्ह्यात मात्र जमीन पाहून खड्डा करा. बरडीत, खरडीत पाणी मुरेल. कन्हार जमिनीत किंवा तलावाच्या पाळीखालच्या वस्तीत मुरणार नाही, आणि खड्डा भरला तर तोच डासांचे घर होईल. तिथे ते पाणी परसबागेतल्या केळी-अळूला पसरवून द्या, नाली उताराने काढा आणि आठवड्यातून एकदा वाहती करा. शौचालयाच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. जाळीला खर्च किरकोळ, उपयोग मोठा. साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडा.

ग्रामसभेत काय मांडाल?

पुष्कळ वाचकांना वाटेल, हे सारे आरोग्य खात्याचे काम. पण २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हापासून गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असावी अशी व्यवस्था आहे. गावाने गरजेप्रमाणे खर्चावा म्हणून वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी तिच्यासाठी ठरवलेला आहे. समितीत कोण आहे हे आपल्याला माहीत आहे का? शेवटची बैठक केव्हा झाली? निधी आला का, आणि कशावर गेला?

हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य सेवेला लाल, पिवळा, हिरवा असे रंग देऊन प्रगतिपुस्तके केली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली. अधिकाऱ्यांना तिथे उभे राहून उत्तर द्यावे लागले. खेड्यातला माणूस आरोग्याचा हिशेब मागू शकतो, हे त्यातून दिसले.

तुमच्या गावासाठी माझी सूचना अशी. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावी लागते. तिथेच मोहिमेची वेळ बायांनी ठरवावी. ग्रामसभेत चार ठराव करावेत. पहिला, गोळी संध्याकाळी आणि बांधीवर, समोर गिळून. दुसरा, त्रास झाल्यास येणाऱ्या माणसाचे नाव व फोन फळ्यावर. तिसरा, प्रत्येक रुग्णाला पाय-निगेचा संच, आणि आकड्याचा हिशेब पुढच्या सभेत. चौथा, पावसाळ्याआधी जाळ्या आणि नाल्या. ठराव लिहून घ्या, प्रत आरोग्य केंद्राला द्या आणि पोच ठेवा.

चीनने काही भागांत हेच औषध मिठात मिसळून लोकांना दिले आणि २००७ साली तो देश हत्तीरोगाच्या सार्वजनिक संकटातून सुटला. श्रीलंकेने २०१६ साली ते साधले, आणि आपल्यासारखाच धान पिकवणाऱ्या बांगलादेशाने २०२३ साली. आपल्या देशाने आधी २०१५ हे साल ठरवले होते, ते टळले. आता २०२७ ठरले आहे. साल कोणतेही ठरो, काम व्हायचे ते प्रत्येक गावात.

आज अंगणात खेळणारे पाच वर्षांचे पोर पंचविसाव्या वर्षी कोणत्या पायांनी बांधीत उतरेल, हे यंदाच्या आणि पुढच्या काही वर्षांच्या गोळीवर अवलंबून आहे. म्हणून हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एकदा उठा आणि घरातला कोनाडा पाहा. मागच्या वेळची गोळी सापडली तर ती आपल्या मनाने घेऊ नका, आशाताईकडे परत करा. आणि पुढच्या वेळी ती घरी येईल तेव्हा तिला पाण्याचा पेला द्या. एक तिच्यासाठी, एक आपल्यासाठी.